पारख सालाची

जुन्या वाहनांच्या बाजारात, मग तो पुण्याचा असो, कोल्हापूरचा असो की नागपूरचा, गिऱ्हाईक मोटारसायकलीभोवती एक फेरी घालते, टाकीवर हात ठेवते आणि पहिला प्रश्न विचारते तो हा : ‘मॉडेल कुठलं?’ ह्या प्रश्नाला गाडीचे नाव सांगून उत्तर देणारा विक्रेता त्या धंद्यात नवखाच समजला जाईल. कारण नाव टाकीवर लिहिलेलेच असते. अपेक्षित उत्तर असते ते ‘सोळाचं’, ‘अठराचं’, ‘एकवीसचं’ असे, म्हणजे सालाचे. मूळ ज्या शब्दाचा अर्थ नमुना, त्याला मराठी बाजाराने वर्षाचा अर्थ बहाल केला, आणि त्याच्या जोडीला ‘पासिंग’ हा शब्द घेऊन परिवहन कार्यालयाच्या दप्तरी गाडी कोणत्या साली व कोणत्या जिल्ह्यात रुजू झाली हे सांगण्याची वहिवाट पाडली. शब्दाला असा नवा अर्थ चिकटतो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून. एकाच नावाची, एकाच रंगाची आणि एकाच कारखान्यातून निघालेली दोन यंत्रे दोन वेगवेगळ्या सालांची असली म्हणजे ती दोन निराळी यंत्रे असतात, हा अनुभव ज्यांनी पदरचे पैसे मोजून घेतला त्यांनीच तो ह्या एका प्रश्नात साठवून ठेवला आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा भाचा असाच प्रश्न घेऊन आला. ‘मामा, हिमालयन घ्यायची हे ठरलंय, जुनीच घेणार आहे, पण कुठलं मॉडेल घेऊ ते तुम्ही सांगा,’ असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या हातात पाच-सहा गाड्यांची यादी होती आणि त्या यादीत 2016 पासून 2022 पर्यंतची बहुतेक सर्व साले होती. त्याला उत्तर देताना माझ्या ध्यानात आले, की हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, किंबहुना मोटारसायकलीचाही नाही; वाहन विकत घेणाऱ्या प्रत्येक पिढीने तो आपापल्या परीने सोडविला आहे, आणि त्या सोडवणुकीचा इतिहास सांगितल्यावाचून त्याला दिलेले कोणतेही उत्तर अपुरेच राहणार.

माझे आजोबा बैल घेण्यासाठी बाजाराला जात तेव्हा वय विचारीत नसत, ते पाहत असत. डाव्या हाताने बैलाची वेसण धरून उजव्या हाताच्या अंगठ्याने ते त्याचा ओठ वर करीत आणि एका दृष्टिक्षेपात निवाडा देत : अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, किंवा जुळलेला. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात ह्या निसर्गनियमावर आधारलेली ही गणना इतकी नेमकी असते, की तिच्यापुढे विकणाऱ्याच्या शपथेला किंमत उरत नाही. घोड्याचेही तसेच. त्याच्या पुढच्या दातांची पहिली जोडी सुमारे अडीच वर्षांनी बदलते, दुसरी साडेतीन आणि तिसरी साडेचार वर्षांनी, आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. पुढे दातांची झीज आणि त्यांचा कल पाहून जाणता मनुष्य वयाचा अंदाज बांधतो. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे सौदे होतात तेथे ही विद्या आजही चालते. मराठ्यांच्या फौजेतला बारगीर सरकारी पागेतून मिळेल त्या घोड्यावर बसे, म्हणून त्याला निवडीची चिंता नव्हती. शिलेदाराला मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस रुजू व्हावे लागे, आणि मोहिमेच्या मध्यावर घोडा बसला तर त्याची पत, त्याची कमाई आणि प्रसंगी त्याचा प्राणही त्याच्याबरोबर बसे. पारखीची विद्या जोपासली ती अशा शिलेदारांनी. कारण चुकीचे मोल त्यांना स्वतःला द्यावे लागे.

परंतु विद्या कितीही नेमकी असली तरी राज्यसत्तेला केवळ तिच्यावर विसंबून चालत नसे. अलाउद्दीन खिलजीने सुरू केलेली आणि अकबराने पुन्हा अमलात आणलेली दाग व चेहऱ्याची पद्धत ह्याच गरजेतून निघाली. घोड्याच्या अंगावर डाग द्यावयाचा आणि त्याचा रंग, खुणा इत्यादी वर्णन दप्तरी लिहून ठेवावयाचे, म्हणजे हजिरीच्या दिवशी चांगला घोडा दाखवून चाकरीवर हलके तट्टू आणण्याची लबाडी करता येत नाही, असा त्यातला हेतू. आज आपल्या मोटारसायकलीच्या चासीवर ठोकलेला क्रमांक हा तो डाग आणि नोंदणीपुस्तकातली इंजिनक्रमांक, रंग, उत्पादनाचा महिना व साल यांची नोंद हा तो चेहरा, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. यंत्राला दात नसतात. त्याचे वय त्याच्या अंगावरून सांगता येत नाही, रंग नवा देता येतो, आकड्यांचे चक्र मागे फिरविता येते. म्हणून तेथे दप्तर बोलते, आणि शहाणे गिऱ्हाईक ठोकलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिल्याखेरीज इसाराची रक्कम देत नाही.

येथवर साम्य आहे. ह्यापुढे मात्र एक मूलभूत भेद सुरू होतो. बैलाचे वय म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब; चार दाती बैल आणि जुळलेला बैल एकाच जातीचे, एकाच घडणीचे असतात, केवळ एकाचे दिवस अधिक शिल्लक असतात. यंत्राचे साल उरलेल्या आयुष्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती अधिक मोलाची आहे : त्या वर्षी कारखान्याला किती समजले होते, आणि त्या वर्षी सरकारचा कायदा काय होता. मोटारींच्या व्यवसायात दर वर्षी नवा नमुना काढण्याची प्रथा रूढ केली ती मुख्यतः अमेरिकेतील जनरल मोटर्सने, 1923 मध्ये तिच्या अध्यक्षपदी आलेल्या आल्फ्रेड स्लोन यांच्या कारकिर्दीत. त्यापूर्वी हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही गाडी 1908 पासून 1927 पर्यंत मूळ आराखडा न बदलता विकली जात होती. स्लोन यांचा हेतू व्यापारी होता, जुन्या गाडीच्या मालकाच्या मनात नवीची इच्छा उत्पन्न करावी असा; परंतु त्या प्रथेचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की प्रत्येक यंत्राच्या अंगावर काळाची नोंद उमटू लागली आणि ती वाचण्याची एक नवी विद्या जन्माला आली.

डांबरी रस्ता आणि खडकाळ वाट ह्या दोहोंवर सारख्याच विश्वासाने चालणारी, सामान लादून महिनोन्‌महिने प्रवास करता येईल अशी जी मोटारसायकल आज ॲडव्हेंचर बाईक म्हणून ओळखली जाते, तिच्या बाबतीत ही विद्या विशेषच लागते. कारण घरापासून दूर, जेथे दुरुस्तीची सोय नाही अशा ठिकाणी ती बंद पडण्याचा संभव गृहीत धरूनच ती घ्यावयाची असते. 1978 च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारकडे सहारा ओलांडून जाणारी पहिली शर्यत निघाली आणि ती सीरिल नेव्ह्यू यांनी यामाहाच्या एका सिलिंडरच्या एक्सटी 500 ह्या साध्या गाडीवर जिंकली. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस बाजारात आणली. त्या दोन अक्षरांचा जर्मन अर्थ ‘रान’ आणि ‘रस्ता’ असा आहे. पुढच्याच वर्षी युबेर ओरिओल यांनी तिच्यावर डाकारची शर्यत जिंकली, आणि एका नव्या वंशाची प्रतिष्ठापना झाली. ह्या वंशाची वंशावळ पारखी लोक आजही सालांनीच मांडतात : हवेवर थंड होणारी जुनी पिढी, 1994 पासूनची तेलाचे साह्य घेणारी, 2004 ची अंगाने हलकी झालेली, आणि 2013 पासूनची पाण्यावर थंड होणारी. अमेरिकेत कावासाकीची केएलआर 650 ही 1987 मध्ये आलेली गाडी वीस वर्षे जवळजवळ तशीच राहिली. तिच्या इंजिनातील तोल राखणारी साखळी ताणून धरणारा एक लहानसा दांडा तुटण्याबद्दल तिच्या मालकांत इतकी चर्चा झाली, की 2008 मध्ये गाडीची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा तो दांडा बदलला आहे का, हाच अनेकांचा पहिला प्रश्न होता. हाताच्या तळव्यात मावेल एवढा लोखंडाचा तुकडा सालांच्या किमतीत अंतर पाडतो, तो असा.

आपल्याकडे ह्या इतिहासाचा आरंभ डोंगरांत होतो. लडाख बाहेरच्या प्रवाशांना खुला झाला तो 1974 मध्ये, आणि मनाली-लेह हा रस्ता सर्वसामान्य वाहतुकीस मोकळा झाला 1989 च्या सुमारास. तो काळ बुलेटचा. इंग्लंडातील रेडिचच्या कंपनीशी भागीदारी होऊन 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि लष्करासाठी मागविलेली ती गाडी पुढे नागरिकांचीही झाली. तिच्याही बाबतीत सालांचा विवेक होताच. उजव्या पायाचा गिअर आणि डाव्या पायाचा ब्रेक असलेली, बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट ज्याला प्रिय, तो मनुष्य तिलाच ‘कास्ट आयर्न’ म्हणतो आणि 2008 नंतर हळूहळू आलेल्या नव्या इंजिनाच्या गाडीकडे ढुंकून पाहत नाही. आणि ज्याला रोज कामावर वेळेत पोहोचावयाचे आहे तो नेमके उलट करतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कारण एकाला यंत्राशी नाते हवे असते आणि दुसऱ्याला यंत्राकडून काम हवे असते.

2016 च्या मार्चमध्ये त्याच कंपनीने हिमालयन ही गाडी विक्रीस आणली, आणि दीड लाखाच्या आसपासच्या किमतीत मध्यमवर्गीय तरुणाला प्रथमच केवळ डोंगरी प्रवासासाठी घडविलेले यंत्र मिळाले. 411 सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन, साडेचोवीस अश्वशक्ती, पुढे एकवीस इंचांचे आणि मागे सतरा इंचांचे आऱ्यांचे चाक, पोटाखाली 220 मिलिमीटरची मोकळीक, पंधरा लिटरची टाकी, आणि सामान्य उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला लागतील असे 800 मिलिमीटरचे आसन. इंजिनाचा व्यास 78 आणि दट्ट्याची धाव 86 मिलिमीटर, म्हणजे धाव व्यासाहून लांब. अशा इंजिनाला वेगाचा हव्यास नसतो, ते थोड्या फेऱ्यांतच जोर देते आणि सामान लादलेली गाडी चढावर धापा न टाकता ओढून नेते. सांगाडा घडविण्यात इंग्लंडातील हॅरिस परफॉर्मन्स ह्या संस्थेचा हात होता. पहिल्या तुकड्यांबद्दल मात्र तक्रारी झाल्या. नव्या यंत्राचे पहिले साल हे कारखान्याच्या शिक्षणाचे साल असते आणि त्या शिक्षणाची फी काही अंशी गिऱ्हाईक भरते. हिमालयनही त्याला अपवाद नव्हती.

परंतु ‘सोळाच्या’ गाडीचे खरे वैशिष्ट्य तिच्या कार्ब्युरेटरमध्ये आहे. पाच हजार मीटरांच्या खिंडीत हवा विरळ होते. कार्ब्युरेटरला त्याची जाणीव नसते, तो पठारावरच्या मापानेच पेट्रोल देत राहतो, आणि मिश्रण गाढ होऊन इंजिन गुदमरते. मात्र तोच कार्ब्युरेटर रस्त्याच्या कडेला बसून, एका पेचकसाने, कोणत्याही गावातल्या मिस्त्रीकडून साफ करून घेता येतो. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्च 2017 रोजी हुकूम दिला आणि 1 एप्रिलपासून भारत स्टेज तीन ह्या धुराच्या जुन्या मानकाच्या वाहनांची विक्री बंद झाली. त्या तीन दिवसांत दुकानांत उरलेला माल भरमसाट सवलतीने काढून टाकण्यासाठी जी झुंबड उडाली ती अनेकांना स्मरत असेल. हिमालयनने त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पेट्रोल मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्वीकारली. ती हवेचा दाब ओळखते, थंड सकाळी पहिल्या बटणाला गाडी सुरू करते आणि खिंडीत श्वास राखते. मात्र ती बिघडली तर पेचकसाने भागत नाही. ‘सोळाचं’ आणि ‘अठराचं’ यांतला भेद असा आहे, आणि तो दोन वर्षांच्या झिजेने मोजता येण्याजोगा नाही.

2018 मध्ये दोन्ही चाकांना एबीएस आले, कारण 125 सीसीहून मोठ्या दुचाकींना ते 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचे होणार होते. ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ही यंत्रणा क्षणोक्षणी ब्रेक सोडते व धरते, आणि तिने किती घरांतले दिवे विझू दिले नाहीत याचा हिशेब करता यावयाचा नाही. पण खडीच्या उतारावर जाणता स्वार मागचे चाक मुद्दाम जाम करतो, म्हणजे त्याच्यापुढे खडीचा लहानसा बांध साचतो आणि गाडी थांबते. तेथे ती यंत्रणा त्याच्या हातातून निर्णय काढून घेते. म्हणून 2020 च्या आरंभी, भारत स्टेज सहाच्या अंमलाबरोबर जी आवृत्ती आली, तिच्यात मागच्या चाकापुरते एबीएस बंद करण्याचे बटण दिले गेले, तेव्हा डोंगरातल्या स्वारांनी त्याचे मनापासून स्वागत केले. 2021 मध्ये वाट दाखविणारी लहान गोल तबकडी आणि सुधारलेले आसन आले. ह्या सर्व काळात गाडीचे वजन मात्र वाढत गेले. आरंभी 182 किलोची असलेली गाडी अखेरीस 199 किलोची झाली. स्वच्छ धुरासाठी उत्प्रेरक लागतो, सुरक्षिततेसाठी यंत्रणा लागते, आणि कायद्याचे प्रत्येक कलम लोखंडाच्या रूपाने सांगाड्यावर येऊन बसते. वाळूत पडलेली गाडी एकट्याने उचलताना ह्या सतरा किलोंची ओळख पटते.

2023 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या वागातोरला भरलेल्या स्वारांच्या मेळाव्यात नव्या हिमालयनची किंमत जाहीर झाली आणि जुन्या 411 चा अध्याय संपला. नवी गाडी 452 सीसीची, पाण्यावर थंड होणारी, चाळीस अश्वशक्तीची, सहा गिअरची; आणि इतके सर्व असून वजन 196 किलो. तिच्याही पहिल्या सालावर कारखान्याच्या शिक्षणाची खूण आहेच : आऱ्यांच्या चाकांना ट्यूब नको अशी सोय तिला पुढच्या वर्षी, 2024 मध्ये मिळाली. ट्यूबविरहित टायरला पंक्चर झाले तर चाक न काढता ते दहा मिनिटांत बुजविता येते, ट्यूब असली तर चाक उतरवून, टायर उचकटून, रानात तासभर बसावे लागते. तेव्हा एकाच नव्या गाडीच्या ‘तेवीस’ आणि ‘पंचवीस’ मध्येही विचार करण्याजोगे अंतर आहे.

हे सारे मी भाच्याला सांगितले ते त्याला गोंधळात पाडण्यासाठी सांगितले नाही. मला सांगावयाचे होते ते एवढेच, की निर्दोष साल असे कोणतेही नसते. प्रत्येक साल हा कायदा, कारखाना आणि वाट ह्या तिघांमधला एक तहनामा असतो. प्रत्येक तहात काही मिळते आणि काही सोडावे लागते, आणि जो विकत घेतो त्याने त्या तहाची कलमे वाचलेली असली पाहिजेत. ज्याला स्वतःच्या हाताने गाडी उघडण्याची हौस आहे आणि ज्याचा प्रवास सह्याद्रीच्या घाटांपुरता, ताम्हिणी-वरंध-माळशेजपुरता आहे, त्याला ‘सोळाचं’ स्वस्तात मिळाले आणि पूर्वीच्या मालकाने ते निगुतीने राखले असले, तर त्यात वाईट काही नाही. ज्याला दर उन्हाळ्यात स्पितीला किंवा लडाखला जावयाचे आहे त्याने 2020 च्या पुढेच पाहावे. आणि जो ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे, ज्याची मिळकत बेताची आणि इच्छा उंच आहे, त्याच्यासाठी 2018 च्या अखेरची आणि 2019 ची गाडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कारण तोवर कारखान्याचे पहिले शिक्षण संपले होते, फवारणीची यंत्रणा आणि दोन्ही चाकांचे एबीएस आले होते, आणि पुढच्या कायद्याचे वजन अजून अंगावर चढले नव्हते. अर्थात सालानंतर निगा येतेच. एकाच सालाच्या दोन गाड्यांत जिने वेळच्या वेळी तेल पाहिले तिचे साल खरे, आणि जिने केवळ पूर पाहिले तिचे साल कागदापुरते.

भाच्याने 2018 च्या डिसेंबरची, एका हाताची गाडी निवडली. ती पाहण्यासाठी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, हँडल मोकळ्या हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले, साखळी हलविली, आऱ्यांवरून बोट फिरविले. आणि शेवटी नोंदणीपुस्तक उजेडात धरून तो खाली वाकला, हँडलच्या मानेवर ठोकलेल्या क्रमांकावरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचू लागला. बाजाराच्या गर्दीत बैलाचा ओठ वर करणारा आजोबांचा अंगठा मला त्या क्षणी आठवला. त्यांना दात मोजावे लागत, ह्याला आकडे वाचावे लागतात. पण लांबच्या वाटेवर ज्याच्या भरवशावर जावयाचे, त्याची ओळख आधी आपल्या हाताने करून घ्यावी, ही रीत आमच्या घरात अजून शाबूत आहे, ह्याचे मला समाधान वाटले.